लीटकोड : मुलाखतीच्या खोलीपर्यंत किती साथ देते?

सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या नोकरीसाठी मुलाखती द्यायच्या म्हटले की पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : लीटकोडवर, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांचा सराव करून घेणाऱ्या संकेतस्थळावर, बसा. मीही तो मानला. एकाच कंपनीत ८ वर्षे काम करून नवी नोकरी शोधायला निघाले, तेव्हा चालू प्रणाली सांभाळण्यात माझा हात चांगला बसलेला होता. पण लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता सांगतो अशी साखळीसारखी यादी) उलटी करण्याचा प्रसंग मात्र त्या ८ वर्षांत एकदाही आलेला नव्हता. पुढचे ७ महिने मी लीटकोड जवळजवळ रोज वापरले, त्यांपैकी ४ महिने सशुल्क सदस्य म्हणून, आणि त्याच काळात ५ कंपन्यांच्या मिळून १९ फेऱ्या दिल्या. लीटकोड हे संगणकशास्त्र शिकण्याचे साधन म्हणून कसे आहे किंवा स्पर्धेचे मैदान म्हणून कसे आहे, याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. मुलाखत घेणारी व्यक्ती समोर बसलेली असताना या सरावातले नेमके काय उपयोगी पडते आणि काय अंगाशी येते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

ज्यांनी ते पाहिलेलेच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लीटकोडवर ३,००० हून अधिक प्रश्न आहेत आणि ते सोपे, मध्यम व कठीण अशा तीन गटांत विभागलेले आहेत. ब्राउझरमध्येच डावीकडे प्रश्न दिसतो आणि उजवीकडे आपण निवडलेल्या भाषेत फंक्शनचा सांगाडा तयार मिळतो. आपण फक्त त्याच्या पोटात कोड लिहायचा आणि सबमिटचे बटण दाबायचे. मग लपवून ठेवलेल्या चाचण्यांवर तो कोड चालवला जातो आणि निकाल येतो : स्वीकारला, उत्तर चुकले, वेळेची मर्यादा ओलांडली, मेमरीची मर्यादा ओलांडली. खाते उघडण्यापासून पहिला प्रश्न सोडवायला घेईपर्यंत काही मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि दिवसभराचे काम आटोपून रात्री तासभर सरावाला बसणाऱ्या माणसासाठी ही सोय लहान नाही.

लीटकोडचे खरे बळ त्याच्या निकालाच्या निष्ठुरपणात आहे, असे माझे मत झाले आहे. २७८ क्रमांकाचा ‘फर्स्ट बॅड व्हर्जन’ हा प्रश्न घ्या. वरवर पाहता ती साधी बायनरी सर्च, म्हणजे मध्य तपासून दर वेळी अर्धा भाग वगळत जाण्याची शोधपद्धत, आहे : आवृत्त्या १ पासून क्रमाने लावलेल्या आहेत, एका ठिकाणापासून पुढच्या सगळ्या बिघडलेल्या आहेत, आणि बिघाडाची सुरुवात कोठे झाली ते कमीत कमी तपासण्यांत शोधायचे आहे. बहुतेक जण मध्य काढताना दोन्ही टोकांची बेरीज करून तिला २ ने भागतात, आणि लहान आकड्यांवर ते बरोबरच चालते. पण या प्रश्नात आवृत्त्यांची संख्या २१४ कोटींच्याही पुढे, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपर्यंत, जाऊ शकते. त्यामुळे जावा किंवा सी++ मध्ये दोन टोकांची बेरीज त्या मापात मावत नाही आणि मध्य ऋण निघू शकतो. हीच चूक जावाच्या प्रमाणित लायब्ररीत अनेक वर्षे कोणाच्या लक्षात न येता राहिली होती आणि २००६ मध्ये त्या लायब्ररीच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. वर्षानुवर्षे अनुभवी लोकांच्या नजरेतून निसटलेली गोष्ट हे संकेतस्थळ नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात लाल अक्षरांत दाखवते. “कोड साधारण बरोबर आहे” या समाधानात राहण्याची माझी जी सवय होती, ती या लाल अक्षरांनी मोडली, आणि त्याबद्दल मी लीटकोडची ऋणी आहे.

दुसरा फायदा म्हणजे साचे अंगवळणी पडणे. सुरुवातीला प्रत्येक प्रश्न स्वतंत्र डोंगर वाटतो. ६०-७० प्रश्नांनंतर लक्षात येते की डोंगर मोजकेच आहेत आणि वाटा तेवढ्या वेगवेगळ्या आहेत. दोन पॉइंटर, सरकती खिडकी (सलग तुकड्याची दोन टोके पुढे सरकवत जाणे), हॅश मॅप (किल्लीवरून नोंद चटकन शोधून देणारी रचना), हीप, झाडावरचा आणि ग्राफवरचा प्रवास, डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (लहान उपप्रश्नांची उत्तरे साठवून मोठा प्रश्न सोडवणे) : मला विचारले गेलेले बहुतेक सगळे कोडिंगचे प्रश्न याच कुटुंबांतले निघाले. त्यामुळे ३,००० प्रश्नांचा आकडा पाहून छाती दडपून घेण्याचे कारण नाही. ‘ब्लाइंड ७५’ या नावाने प्रसिद्ध असलेली ७५ प्रश्नांची यादी, तिच्यातला प्रत्येक प्रश्न काही आठवड्यांच्या अंतराने कोऱ्या पाटीवर पुन्हा सोडवून, हे मला कोणतेही ४०० नवे प्रश्न एकेकदा सोडवण्यापेक्षा अधिक लाभदायक ठरले. एकच प्रश्न निवडायचा झाला तर मी १४६ क्रमांकाचा ‘एलआरयू कॅश’ निवडेन, म्हणजे जागा भरली की सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद काढून टाकणारा तात्पुरता साठा. हॅश मॅप आणि दुहेरी लिंक्ड लिस्ट यांची सांगड घालून वाचणे आणि लिहिणे ही दोन्ही कामे स्थिर वेळात, म्हणजे नोंदी कितीही वाढल्या तरी तेवढ्याच वेळात, कशी करायची, हे त्यात ठरवावे लागते, आणि प्रत्यक्ष कामाशी इतके जवळचे नाते असलेले प्रश्न लीटकोडवर फार नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा अभिप्राय लिहायला घेतला तिच्याकडे येते. लीटकोड उमेदवाराची तीन कामे स्वतःच करून टाकते : प्रश्न नेमका मांडणे, मर्यादा ठरवणे आणि उत्तर तपासणे. मुलाखतीत मात्र हीच तीन कामे उमेदवाराकडून अपेक्षित असतात, किंबहुना गुणांचा मोठा वाटा त्यांच्यावरच असतो.

अगदी पहिल्या क्रमांकाचा ‘टू सम’ हा प्रश्न पाहा. दिलेल्या ॲरेतील, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांच्या यादीतील, कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या लक्ष्याइतकी होते, ते त्यांच्या स्थानांसह सांगायचे. वर्णनात आधीच लिहिलेले आहे की उत्तर नेमके एकच असते आणि एकच घटक दोनदा वापरायचा नाही. मुलाखतीत हाच प्रश्न एका ओळीत, तोंडी आणि मुद्दाम अर्धवट सांगितला जातो. उत्तर नसेल तर काय परत करायचे, उत्तरे अनेक असतील तर सगळी हवीत की कोणतेही एक, संख्या आधीच चढत्या क्रमाने लावलेल्या आहेत का, त्या सगळ्या मेमरीत मावतात का, हे विचारणाऱ्या उमेदवाराचे पारडे त्याने कोडची एक ओळही लिहिण्यापूर्वी जड झालेले असते. लीटकोडवर शे-दोनशे प्रश्न सोडवलेल्या माणसाची ही विचारण्याची सवयच मरते, कारण विचारायला तेथे कोणी नसते आणि विचारण्याची गरजही पडत नाही.

मर्यादांचा प्रकार याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी आकड्यांच्या मर्यादा दिलेल्या असतात, आणि थोड्याच दिवसांत आपण प्रश्नाआधी त्याच वाचू लागतो. घटकांची संख्या २० पर्यंतच असेल तर सगळे उपसंच तपासले तरी चालेल. १ लाखापर्यंत असेल तर दुहेरी लूप विसरा, क्रमवारी किंवा हॅश मॅप शोधा. ही युक्ती स्पर्धेत वाखाणण्याजोगी आहे. मुलाखतीच्या तयारीत मात्र ती घातक आहे, कारण उत्तराची दिशा आपल्याला प्रश्नातून सापडत नाही, तळटीपेतून सापडते, आणि आपण मात्र ती स्वतःच्या बुद्धीने शोधली असे मानत राहतो.

मला याचा फटका बसला तो तिसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या फेरीत. प्रश्न एवढाच होता : संख्यांच्या ॲरेमध्ये लगतच्या घटकांचे असे किती गट आहेत, की ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते? मी लगेच सरकती खिडकी मांडली. उजवे टोक पुढे नेले की बेरीज वाढते, डावे पुढे आणले की घटते, हे समजावून सांगत दहा-बारा मिनिटांत नीटनेटका कोड लिहून मोकळी झाले आणि मनातल्या मनात फेरी पार झाल्याचेही ठरवून टाकले. समोरच्या गृहस्थांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “यात ऋण संख्या असू शकतात, असे मी म्हटले तर?” ऋण संख्या आली की खिडकीचा सगळा हिशेबच कोसळतो, कारण पुढे गेल्यावर बेरीज वाढेलच याची खात्री उरत नाही, तेथे प्रत्येक टप्प्यापर्यंतची सुरुवातीपासूनची बेरीज मोजत जाऊन, कोणती बेरीज पूर्वी किती वेळा आली होती याची नोंद हॅश मॅपमध्ये ठेवावी लागते. गंमत अशी की ते उत्तर मला येत होते. हा लीटकोडवरचा ५६० क्रमांकाचा प्रश्न मी त्याआधी दोनदा सोडवला होता. पण तेथे मर्यादांच्या ओळीत ऋण संख्या दिसतात आणि २०९ क्रमांकाच्या त्याच्या भावंडात सगळ्या संख्या धन असल्याचे वर्णनातच सांगितलेले आहे. या दोहोंतला फरक मी स्वतः ओळखायला शिकलेच नव्हते, संकेतस्थळ तो मला वाचून दाखवत होते. उरलेल्या वेळात मी योग्य उत्तरापर्यंत पोहोचले, पण ती फेरी गेली. नंतर फोनवर कळवण्यात आले की कोडबद्दल तक्रार नव्हती. संख्या कशा असतील हे मी न विचारताच लिहायला सुरुवात केली, यावर आक्षेप होता. मला तो आक्षेप तेव्हाही योग्यच वाटला होता.

तिसरे काम तपासणीचे. माझ्या १९ फेऱ्यांपैकी ज्यांत कोड लिहायचा होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक फेऱ्यांमध्ये कोड चालवून पाहण्याची सोयच नव्हती. दोघांना दिसणारा साधा मजकुराचा कागद, रंगही नाहीत आणि चुका दाखवणाऱ्या तांबड्या रेघाही नाहीत. लीटकोडवर उत्तर चुकले की ज्या चाचणीवर ते चुकले तीच समोर मांडली जाते, आणि आपण ती पाहून डागडुजी करतो. दोन महिने हेच केल्यावर माझी अशी गत झाली होती की कोड लिहून झाला की हात आपोआप सबमिट शोधू लागत. रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे घटक सारखे, अशा चाचण्या स्वतः सुचवून कोडच्या ओळींवरून बोट फिरवत तोंडी चालवून दाखवणे हे वेगळेच कौशल्य आहे, आणि लीटकोड ते शिकवत तर नाहीच, उलट त्याची गरज आपल्याला जाणवू देत नाही.

आणि हे सगळे कोणीतरी पाहत असताना करायचे असते. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. निम्म्यांनी मुलाखतकारासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवला. उरलेल्यांनी तोच प्रकार बंद खोलीत एकट्याने केला. ज्यांच्यावर कोणाची नजर होती त्यांची कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. या निष्कर्षावरून मुलाखतीच्या पद्धतीला दोष देता येईल, आणि तो मी देतेही. परंतु उमेदवाराच्या दृष्टीने त्याचा सरळ अर्थ असा की बंद खोलीत केलेला सराव हा दुसऱ्याच परीक्षेचा सराव आहे. लीटकोडवर वेळ लावून नमुना प्रश्नसंच सोडवण्याचा विभाग आहे खरा, पण त्यात घड्याळ तेवढे असते, समोर माणूस नसतो. आणि मला घाबरवणारी गोष्ट घड्याळ कधीच नव्हती.

सशुल्क सदस्यत्वाविषयी लोक सर्वाधिक विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. त्यातले मुख्य आकर्षण म्हणजे कंपनीवार याद्या : अमुक कंपनीत गेल्या ३० दिवसांत, ३ महिन्यांत, ६ महिन्यांत कोणते प्रश्न किती वेळा विचारले गेले. या नोंदी वापरणाऱ्यांनी स्वतःहून दिलेल्या असतात, प्रत्येक प्रश्नाखाली “हा तुम्हाला खऱ्या मुलाखतीत विचारला गेला होता का?” अशी विचारणा असते आणि तिच्या उत्तरांतून त्या उभ्या राहतात. त्यामुळे मोठ्या, रोज मुलाखती घेणाऱ्या कंपन्यांच्या याद्या भरघोस आणि ताज्या असतात, तर लहान कंपन्यांच्या बाबतीत त्यांचा उपयोग शून्यवत होतो. माझ्या ५ कंपन्यांपैकी दोहोंसाठीच यादी म्हणण्यासारखे काही होते, आणि त्या दोन्ही ठिकाणी मिळून यादीतला प्रश्न जसाच्या तसा एकदाच आला. तो आला तेव्हा मला आनंदापेक्षा संकोच अधिक झाला. पाठ असलेले उत्तर पहिल्यांदाच सुचल्यासारखे सादर करण्याचा अभिनय मला जमत नाही. मी प्रश्न ओळखीचा असल्याचे सांगून टाकले, समोरच्या बाईंनी हसून दुसरा दिला, आणि तो मला आला. अर्थात सगळेच असे सांगत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. कोड ओळीओळीने चालवून चूक शोधायला मदत करणारा, सदस्यांना मिळणारा डीबगर चांगला आहे, परंतु वर सांगितलेल्या कारणासाठी मी तो मुद्दाम बंद ठेवत असे.

उत्तर स्वीकारले गेल्यावर “तुमचा कोड इतक्या टक्के लोकांपेक्षा वेगवान आहे” असा जो आकडा झळकतो, त्याकडे दुर्लक्ष करावे. तोच कोड एक अक्षरही न बदलता पुन्हा पाठवला तरी आकडा बदलतो. सुरुवातीला त्याच्या नादाने मी एका संध्याकाळी चार मिलिसेकंद वाचवण्यासाठी दीड तास घालवला होता. रोजचा प्रश्न आणि त्याची अखंड साखळी टिकवल्याबद्दल मिळणारी पदके यांचेही तेच. सलग ५० दिवसांची साखळी तुटू नये म्हणून मध्यरात्रीच्या आत आयते उत्तर उतरवून काढण्याची वेळ आली, त्या दिवशी मी ती साखळी सोडून दिली. साप्ताहिक स्पर्धेत ९० मिनिटांत ४ प्रश्न असतात. हात वेगवान करायचा असेल तर दोन-तीनदा जरूर बसावे, त्याहून अधिक काही त्यातून मुलाखतीसाठी मिळत नाही.

कोडिंगच्या फेऱ्यांपलीकडे लीटकोडची सोबत झपाट्याने संपते. माझ्या अनुभवाच्या उमेदवाराला सिस्टिम डिझाइनच्या फेरीत जोखले जाते. लिंक आखूड करणारी सेवा उभारायची झाली तर वाचन आणि लेखन यांचे प्रमाण काय धराल, किल्ल्या (आखूड लिंकमधली छोटी सांकेतिक अक्षरे) कशा तयार कराल, कॅश शिळा झाला तर काय चालेल आणि काय चालणार नाही, असे प्रश्न तेथे असतात, आणि त्यांच्या उत्तरांवर हिरवा शिक्का मारणारे यंत्र कोणाकडेच नाही. त्या फेऱ्यांमध्ये मला तारले ते ८ वर्षांच्या कामाने, विशेषतः त्यातल्या बिघाडांनी. सहकाऱ्याशी झालेला मतभेद, चुकलेला अंदाज, अर्ध्यावर सोडलेला प्रकल्प यांविषयीची फेरी तर पूर्णपणे वेगळीच.

२२६ क्रमांकाचा प्रश्न बायनरी ट्री (प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन फांद्या असलेली झाडासारखी रचना) आरशातल्यासारखे उलटे करण्याचा आहे. त्याचे उत्तर चार-पाच ओळींचे असले तरी त्याच्या मागची हकीकत मोठी आहे. होमब्रू या असंख्य प्रोग्रॅमरांच्या रोजच्या वापरातल्या साधनाचे कर्ते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये जाहीर केले की त्यांना गूगलने नाकारले. तेथील बहुसंख्य इंजिनिअर आपले साधन वापरतात, पण आपल्याला फळ्यावर बायनरी ट्री उलटे करता आले नाही, असा त्यांचा सूर होता. त्या उद्गारावरून अजूनही दोन तट पडतात. माझ्या लेखी त्यातली लक्षणीय बाब वेगळीच आहे : मुलाखतींच्या पद्धतीवरची ती बोचरी तक्रार लीटकोडने पचवली, तिचाच एक सोपा प्रश्न करून टाकला, आणि आज आपण तो तीन मिनिटांत सोडवून पुढे जातो.

तिसऱ्या कंपनीतली ती फेरी गमावल्यानंतर मी लीटकोड सोडले नाही, वापरण्याची पद्धत बदलली. वर्णनाचा भाग पडद्यावर इतका आखूड करून ठेवू लागले की तळाच्या मर्यादा दिसूच नयेत, आणि कोड लिहिण्यापूर्वी किमान चार प्रश्न मोठ्याने विचारायचे असा नेम केला. एकट्याने बोलताना सुरुवातीला अतिशय विचित्र वाटते. आठवड्याभरात वाटेनासे होते. कोड आधी साध्या मजकुराच्या कागदावर लिहायचा, स्वतःच्या चाचण्या त्याच्यावर तोंडी चालवायच्या, चुका सापडल्याशा वाटल्या की मगच तो लीटकोडवर नेऊन सबमिट करायचा, आणि सबमिट एकदाच. पहिल्याच प्रयत्नात स्वीकारल्या गेलेल्या उत्तरांची मी वहीत नोंद ठेवली : पहिल्या आठवड्यात १४ पैकी ५, सहाव्या आठवड्यात १४ पैकी ११. शिवाय दर शनिवारी माझी एक जुनी सहकारी समोर बसे. तिला मी सांगून ठेवले होते की प्रश्न एका वाक्यात सांगायचा, मर्यादा विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत आणि मी गप्प झाले की टोकायचे. पहिल्या शनिवारी तिने मला पाऊण तासात नऊ वेळा टोकले.

चौथ्या आणि पाचव्या कंपनीच्या सगळ्या कोडिंग फेऱ्या पार पडल्या आणि पाचव्या ठिकाणी मी रुजू झाले. लीटकोडला मी ५ पैकी साडेतीन गुण देईन. मर्यादा झाकून ठेवण्याचे आणि चुकलेली चाचणी न दाखवण्याचे एखादे बटण त्यांनी दिले, तर साडेचार देईन. मोफत भागात सरावाला पुरून उरेल इतके आहे, त्यामुळे सशुल्क सदस्यत्व आधीपासून घेऊन ठेवू नये. ज्या कंपनीची यादी भरघोस आहे अशा ठिकाणची मुलाखतीची तारीख हातात आल्यावर ते एका महिन्यापुरते घ्यावे, आणि घेतल्या दिवशीच त्याचे आपोआप होणारे नूतनीकरण बंद करून टाकावे. माझे चारपैकी शेवटचे दोन महिने केवळ ते विसरल्यामुळे गेले.